तुराटीचा कोळसा आणि माझे तीन दात

दात घासायच्या बाबतीत मला कुणी आळशी म्हटलेलं मी खपवून घेतलं नसतं. सकाळी उठले की आधी मोरी, आधी दात, मग चहा. कुणाकडे मुक्कामाला गेले तरी माझी डबी माझ्या पिशवीत असायची. डबीत तुराटीचा कोळसा, कुटून, फडक्यातून गाळलेला, आणि त्यात जाडं मीठ. शेतात तूर झोडपून झाली की तुराट्यांचे भारे घरी येतात. त्यातल्या बऱ्याच चुलीत जातात, काही कुडाला लागतात आणि चार-दोन आमच्या दातांसाठी जाळून ठेवल्या जातात.

ही रीत मला दिली माझ्या मोठ्या जावेनं. लग्न होऊन केळापूरजवळच्या या गावात आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माहेरी आम्ही पेस्टवाले. तिसऱ्या दिवशी सकाळी जावेनं माझ्या हातातली ट्यूब पाहिली.

"हे गोड गोड लावून काय होते व? दात हायेत का पेढे?"

तिनं मला तिची डबी दिली आणि शेजारी उभं राहून घासायला लावलं. मी थुंकले तर लाल. मी बोट थांबवलं.

"निघू दे," ती म्हणाली. "खराब रक्त हाये ते. ते निघालं का हिरडी साफ."

झालं. आमच्या घरात हाच कायदा होता. रक्त आलं म्हणजे आज दात चांगले घासले गेले, नाही आलं तर आज अंगचोरी केली. मी तर जावेच्याही दोन पावलं पुढे गेले. बोटानं मनाजोगतं होईना म्हणून ब्रश आणला आणि दुकानदाराला बजावलं, सगळ्यात कडक असेल तो दे, नरम कामाचा नाही. त्या कडक ब्रशावर कोळसा आणि मीठ, रोज, सत्तावीस वर्षं. महिन्याभरात ब्रशाचे केस चारी दिशांना फाकायचे आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर कापूस वेचत होते. तहान लागली म्हणून शेताच्या धुऱ्यावर ठेवलेल्या कळशीतलं पाणी तोंडाला लावलं. सकाळचं गार पाणी. उजवीकडून अशी सणसणीत कळ गेली की भांडं हातातून पडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन आरशापुढे ओठ वर केला. उजवीकडचा वरचा सुळा एवढा लांब झालेला की मलाच ओळखू येईना. खाली पांढरा दात, वर पिवळा भाग, आणि दोघांच्या सीमेवर एक खाच. नख अडकत होतं तिच्यात. त्याच्या मागच्या दोन दातांचंही तेच. हिरडी वर सरकली होती आणि मुळं उघडी पडली होती.

मग शहाण्या बाईनं करावं ते मी केलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जागी आणखी जोरात घासायला लागले! कळ वाढली. गरम चहाही लागायला लागला. शेवटी मी फक्त डाव्या बाजूनं खात होते आणि उजव्या गालावर हात ठेवून फिरत होते.

जावेच्या ते नजरेत आलं. तिनं माझा ओठ वर करून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"मूळ उघडं पडलं. माह्यंही असंच झालतं. आता काढाचेच. आज हे तीन, मंग हळूहळू बाकीचे. एकदा काढले का झंझट मिटते."

तिला माहीत असणारच. चाळिशीतच तिचे वरचे सगळे दात निघाले होते, तेही आठवडी बाजारात खुर्ची मांडून बसणाऱ्या एका माणसाच्या चिमट्यानं. नंतर तिनं कवळी करून घेतली. ती कवळी लग्नकार्यात तोंडात असते आणि जेवताना वाटीत. भाकर ती वरणात कुस्करून, भिजवून, सगळ्यांचं झाल्यावर खाते. कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही. ही बाई माझ्याशी एक दिवस वाईट वागलेली नाही, माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली, आणि ती सांगेल ते मी आजवर ऐकत आले. येत्या बाजाराला माझे तीन दात काढून आणायचे असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं.

पण मला दात द्यायचे नव्हते. एकही नाही. मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि मला चावून खायचं होतं. हुरडा, ऊस, कच्च्या चिंचा, कडक भाकरीचा पापुद्रा, सगळं. जावेची ती वाटी मला माझ्यापुढे नको होती. आणि मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना रोग आहे. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी नवरा वैतागला.

"काढाचे त काढ, नाई त डॉक्टरकडं जाय. पण आमाले कायले खाऊन राह्यली?"

बाजाराच्या आदल्या दिवशी मी काळीपिवळी जीपमध्ये बसले आणि पांढरकवड्याला गेले.

डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. हिरड्यांचंच खास शिकलेली, असं बाहेर बसलेल्या बायांनी सांगितलं. तिनं मला आडवं केलं, तोंडात छोटा आरसा घातला, खुणा केलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताशी लावून बघितली. उजवीकडच्या त्या तीन दातांशी परत आली. मग विचारलं,

"काकू, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"नाई," मी म्हटलं. आत्ताच तिच्या कागदावर उजव्या हातानं सही केली होती. "ते जाऊ द्या. कीड लागली का ते सांगा."

"कीड नाही लागली. तुम्ही दात फार जोरात घासता. घासून घासून हिरडी सरकली आणि मुळं झिजली."

माझं डोकंच फिरलं.

"घासून? घासून कोनाचे दात जातात का? न घासणाऱ्याचे जातात! आमच्या गावात पारावर या एकदा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंडाचं गटार झालं त्यायच्या, त्यायचे दात जागेवर हायेत. अन् मी रोज घासते त माहे गेले?"

"खर्रावाल्यांचेही जाणार आहेत, काकू," ती शांतपणे म्हणाली. "त्यांची वाट वेगळी आहे. तुमचे मात्र घासण्यानं चाललेत."

मी पिशवी उचलली आणि तिच्या दवाखान्यातून ताडताड निघून आले. मनात म्हटलं, उद्या बाजारात तो चिमटेवाला तरी माझ्या घासण्याला नावं ठेवणार नाही.

काळीपिवळी भरेपर्यंत हलत नाही. मी मधल्या सीटवर बसून धुसफुसत होते, आणि धुसफुसता धुसफुसता एकदम थांबले. डावा हात! हिला कसं कळलं?

कारण खरी गोष्ट अशी की मी जन्माची डावखुरी. शाळेत गुरुजींनी पट्टीनं आणि घरी आईनं लाटण्यानं तो हात मोडून काढला. लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं, कुंकू लावते उजव्यानं. फक्त पहाटे मोरीत, सगळ्यांकडे पाठ करून, एकटी असते तेव्हा डावा हात मोकळा होतो. दात मी डाव्या हातानं घासते. हे जावेलाही ठाऊक नव्हतं; त्या पहिल्या दिवशी तिच्यासमोर मी उजवं बोट लावलं होतं. नवऱ्याला नंतर विचारलं तर तो म्हणाला, "हो काय?" सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याच्या जे लक्षात आलं नाही ते या पोरीनं दहा मिनिटांत माझ्या तोंडात वाचलं होतं.

ड्रायव्हर ओरडत होता, "एक शीट, एक शीट." मी उतरले. तो म्हणाला, "अव काकू, दोन शिटा झाल्या न आता!" मी मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरनं मला बघून काहीच टोमणा मारला नाही, हे मी तिचं विसरणार नाही. डावा हात, कोळशाची डबी, कडक ब्रश, सत्तावीस वर्षं, मी सगळं कबूल केलं. तिनं माझ्या हातात आरसा दिला आणि दाखवलं. उजव्या हातानं दाबून घासणाऱ्यांचं बहुतेक डावीकडे झिजतं, डाव्या हातवाल्यांचं उजवीकडे. जबडा जिथं वळतो तिथं सुळा बाहेर येतो, तिथली हिरडी मुळातच पातळ, आणि नेमका सगळा जोर तिथंच पडतो. त्यात कोळशाची खरखर, मिठाचे खडे आणि माझा तो कडक ब्रश. दाताला वरून जो कठीण पांढरा थर असतो तो मुळाला नसतो. म्हणून मूळ उघडं पडलं की गार पाणी थेट आतल्या नसेला झोंबतं. शिवाय खालच्या दातांच्या मागे दगडासारखी घाण साठली होती, माझ्या घासण्याच्या टप्प्यात ती कधी आलीच नव्हती. तिच्यानंही हिरडी सुजते आणि दात सोडून देते.

"अन् ते खराब रक्त?" मी हळूच विचारलं.

"खराब रक्त वेगळं नसतं, काकू. हिरडीला जखम होते, नाहीतर सूज असते, म्हणून ते येतं. सत्तावीस वर्षं ती तुम्हाला थांबा म्हणतेय."

मला एवढी लाज वाटली की मी छताकडे बघत राहिले. मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "राहतील का?"

"राहतील," ती म्हणाली. "पण सरकलेली हिरडी आपोआप खाली येत नाही. आधी सगळे दात साफ करू, तुमची घासायची सवय मोडू. मग टाळूचा एक पातळ तुकडा घेऊन या तीन मुळांवर शिवू."

टाळूचा तुकडा ऐकून मी जीभ टाळूला लावून पाहिली. पण गावरान बोरीवर चांगल्या बोरीचं कलम बांधलेलं मी बघितलं होतं. बोरीला जमतं तर मलाही जमेल, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जाऊ बाजाराला जायला नेसून तयार. मी म्हटलं, "बाई, मी नाई काढत." सत्तावीस वर्षांत तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, "जाय मंग. तुह्यं तू पाय." आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

ब्रश मिळाला तो असा नरम की मला अपमान वाटला. तो तीन बोटांत धरायचा, हिरडीकडून दाताकडे हलकेच फिरवायचा, आणि तोही उजव्या हातानं. डाव्याला जोर लावायची खोड आहे म्हणून डॉक्टरनं त्याला रजा दिली होती. पहिला आठवडा पेस्ट नाकात, हनुवटीवर, कुठं कुठं जायची. नवरा म्हणायचा, "पावडर लावून राह्यली का दात घासून राह्यली?" सोबत कळ कमी करणारी वेगळी पेस्ट दिली होती. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी थुंकले ते पांढरं होतं. नंतरही पांढरंच. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, म्हणजे बघा.

जानेवारीत तो तुकडा शिवला. सुई टोचली तेवढंच दुखलं, पुढचं सगळं आवाजावरून कळत होतं. तासाभराहून जास्त वेळ मी तिथल्या सिस्टरचा हात धरून ठेवला होता, नंतर बघितलं तर तिच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ. केसाहून बारीक टाके घातले. घरी जाताना सूचना दिल्या: दोन आठवडे गार आणि मऊ खायचं, तिथं ब्रश लावायचा नाही, औषधाच्या पाण्यानं चूळ भरायची, कमी बोलायचं, आणि ओठ उचलून बघायचं तर अजिबात नाही.

ओठ उचलून बघायचं नाही! आणि कमी बोलायचं! दुखणं परवडलं, पण हे दोन हुकूम म्हणजे जीवघेणे. "देवानं माह्यं ऐकलं," असं नवरा रोज एकदा म्हणायचा आणि मला उत्तर देता यायचं नाही. मी हातातलं पाखडायचं सूप आपटून दाखवायची. नेमका हुरड्याचा हंगाम. अंगणात कणसं भाजत होते, लोक चटणीबरोबर खात होते, आणि मी आत बसून थंडगार वरण-भात गिळत होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायांत कुजबुज चालली होती की हिच्या टाळूचं मांस काढलं, आता वाचा जाते म्हणे. माझ्या वतीनं जावेनं उत्तर दिलं: "वाचा गेली असती त आमी गावात साखर वाटली असती." बाया खो खो हसल्या. मलाही हसू फुटत होतं, पण टाके.

पाचव्या दिवशी दुपारी टाळूतून रक्त यायला लागलं. थांबेना. घरात मी आणि जाऊ दोघीच.  वाटलं, गेलं सगळं, कलम गेलं, दात गेले. जावेनं डॉक्टरला फोन लावला. तिकडून सांगितलं, दिलेली पट्टी ओली करून टाळूला दाबून धरा, वीस मिनिटं सोडू नका. पट्टी माझ्या बोटातून दोनदा निसटली. जावेनं साबणानं हात धुतले, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या बोटानं ती पट्टी दाबून धरली. वीस मिनिटं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तोंडानं चालू होतं, "म्हटलं होतं तुले काढून टाक, म्हटलं होतं. हालू नको. ऐकत नाई कोनाचं. हालू नको न व." रक्त थांबलं. तिनं बोट काढलं तेव्हा त्यावर माझ्या दातांचे ठसे होते.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरनं आरसा दिला तर मी आधी डोळेच मिटले. मग एक उघडला. सुळ्याचा पिवळा भाग नव्हता! जिथं मूळ होतं तिथं हिरडी होती, अजून फिकी, थोडी सुजलेली, पण हिरडी. दोन दात पूर्ण झाकले होते. तिसऱ्याचं मूळ किंचित दिसत होतं, तेवढं राहील असं तिनं खरं खरं सांगितलं, त्या खाचेत नंतर मसाला भरून देऊ म्हणाली. मी म्हटलं, राहू द्या हो, तेवढं नजर लागू नये म्हणून.

खरा दिवस मार्चमधला. तपासून झाल्यावर डॉक्टरनं मला फ्रीजमधल्या पाण्याची बाटली दिली. मी पहिला घोट उजवीकडे घेतला आणि गाल घट्ट धरून बसले. काही नाही. दुसरा घोट. काही नाही. मग मी ती अख्खी बाटली तिच्यासमोर घटाघटा संपवली. बाहेर पडले, रस्ता ओलांडला, खारे फुटाणे घेतले आणि तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून उजव्या बाजूनं खाल्ले. कडाकड. लोक बघत होते. बघू द्या! मी जिंकले होते. फुटाणे खाता खाता रडत होते आणि मला त्याची काहीच लाज वाटत नव्हती.

गावात येईपर्यंत मला दम नव्हता. गल्लीतली जी बाई भेटेल तिला थांबवून ओठ वर करून दाखवत गेले. पाहा. हे तीन. काढणार होते हे तीन. चारजणींनी तर घरी जाऊन कोळशाची डबी फेकली, एकीनं फेकली नाही आणि मला वेड लागलं म्हणाली. तिचं तिला लखलाभ.

जाऊ सगळ्या बाया जाईपर्यंत थांबली. मग हात धुऊन आली, मला दाराशी उजेडात उभं केलं आणि माझा ओठ वर केला. खूप वेळ बघितलं. पहिल्या दाताशी, दुसऱ्याशी, तिसऱ्याशी.

"म्हंजे माहेही राह्यले असते?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुमचं वेगळं होतं, तेव्हा असली औषधं नव्हती, असं काहीतरी. पण वीस मिनिटं माझ्या तोंडात बोट धरून बसलेल्या बाईशी मला खोटं बोलवेना.

"हाव, बाई. सगळे नाई त बरेच राह्यले असते."

ती उंबऱ्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले. बाहेर कुणीतरी बैल घेऊन गेलं, ती बैलांकडे बघत होती.

"मीच शिकवलं तुले घासाले."

"हाव."

"अन् मले माह्या सासूनं." तिनं उंबऱ्यावरची धूळ हातानं झाडली. "बुढीचेही एकामागं एक गेलते. आमी म्हनो, म्हातारपन."

मला वाटलं आता ही रडेल. मी पदर हातात घेऊन तयार बसले होते. ती उठली, भिंतीवरच्या आरशापुढे गेली, खालचा ओठ बोटानं ओढून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेका दाताला शिवत गेली. पुटपुटत मोजत होती. एकदा मोजले, मग खात्री करायला परत मोजले.

"आठ हायेत अजून," ती म्हणाली. "चाल पटकन. तुही ते डॉक्टरीन किती वाजेलोग राहते?"